कोरडे वर्ष आणि आपली भरलेली टाकी

अल्लाहच्या नावाने, जो परमकृपाळू व अत्यंत दयावंत आहे.



ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणारे आपण पावसाला बहुधा गैरसोय म्हणूनच ओळखतो. रुळांवर पाणी साचते, लोकलचा खोळंबा होतो, कपडे वाळत नाहीत. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस आपल्या डोक्यावर पडतो. कसाऱ्याचा किंवा माळशेजचा घाट चढून थोडे पूर्वेकडे गेले की तोच पाऊस एकदम विरळ होतो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री अडवतो, आपल्याकडे रिते करतो आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश उरतो. मराठवाड्याच्या वाट्याला सरासरीने आपल्या पावसाचा तिसरा हिस्सासुद्धा कसाबसा येतो, आणि तोही दरवर्षी येईलच असे नाही.

आपल्या मोहल्ल्यांतील कित्येक कुटुंबांचे मूळ गाव त्याच बाजूला आहे. कोणाचे लातूरकडे, कोणाचे बीड-परभणीकडे, कोणाचे नांदेड जिल्ह्यात. म्हणून त्या प्रदेशातील एका वर्षाची हकीकत आज आपल्यासमोर ठेवावी असे वाटते. ते वर्ष म्हणजे जून २०१५ ते सप्टेंबर २०१६ या दोन पावसाळ्यांमधील काळ. या हकीकतीत कोरड्या प्रदेशासाठी बोध आहे, परंतु त्याहून मोठा बोध ज्यांच्या घरी नळ आहे त्यांच्यासाठी आहे.

एका वर्षाची हकीकत

त्या वर्षाच्या आधीच मराठवाड्याची कंबर मोडलेली होती. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये काढणीला आलेल्या पिकांवर गारपीट झाली आणि त्यानंतरचा पावसाळा अपुरा गेला. जून २०१५ मध्ये आभाळ भरून आले तेव्हा लोकांनी उसनवारी करून बी-बियाणे आणले व पेरणी केली. नंतर पावसाने दडी मारली. जुलै कोरडा गेला. उगवलेले कोंब करपले, काहींनी दुबार पेरणी केली, तीही वाया गेली. ऑगस्टमध्ये औरंगाबादहून विमाने उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, पण तहान भागेल असा पाऊस काही पडला नाही. खरीप हातचे गेले आणि जमिनीत ओल नसल्याने रब्बीची आशाही मावळली. त्या वर्षी मराठवाड्यात सरासरीच्या जेमतेम साठ टक्के पाऊस झाला.

हिवाळ्यातच विहिरींचे तळ दिसू लागले. शेकडो फूट खोल घेतलेल्या विंधन विहिरींतून धूळ निघू लागली. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले. मार्च २०१६ मध्ये लातूरमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला. क्षणभर थांबून विचार करा : दंगलीसाठी लावले जाणारे कलम माणसांच्या घागरींसाठी लावावे लागले! १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिला दहा टाक्या होत्या व त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले.

याच दिवसांत कित्येक कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे निघाली. नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्यांतून आलेल्या लोकांनी घाटकोपरच्या मैदानात आणि ठाणे परिसरातील मोकळ्या जागांवर प्लास्टिकच्या कापडाखाली संसार मांडला. पुरुष सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहत, बायका पाण्याच्या शोधात फिरत. ती माणसे आपल्या इमारतींच्या फाटकाबाहेरच होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रमजानचा महिना सुरू झाला. पाऊस अजून दूर होता. लातूरच्या रोजेदारांनी इफ्तारला हातात घेतलेला पाण्याचा पेला कदाचित त्या रेल्वेने आणलेला असेल. त्यानंतर सर्वशक्तिमान अल्लाहने आपली कृपा उघडली. पावसाळा चांगला झाला आणि सप्टेंबरच्या अखेरीस लातूर भागात असा पाऊस कोसळला की कोरडे पडलेले मांजरा धरण भरून वाहू लागले आणि नदीकाठची शेते पुराखाली गेली. लोक निराश झाल्यानंतर तोच पाऊस पाठवतो आणि आपली कृपा पसरवतो, या सूरह शूराच्या (४२:२८) कथनाचा अर्थ त्या लोकांना कोणी वेगळा समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

नक्षत्र, वारा आणि पाठवणारा

आपला शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांवर करतो. मृग निघाला, आर्द्रा कोरडी गेली, हस्ताने साथ दिली, अशी त्याची भाषा आहे. आजचा शिकलेला माणूस एल निनोचे नाव घेतो. प्रशांत महासागराचे पाणी तापले की आपल्याकडील मोसमी पाऊस अनेकदा कमजोर होतो आणि २०१५ मध्ये ते घडले होते. या दोन्ही बोलण्यांकडे श्रद्धावंताने कसे पाहावे?

हुदैबिया येथे एका पावसाळी रात्रीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना समजावले की अल्लाहच्या कृपेने पाऊस पडला असे म्हणणारा त्याच्यावर श्रद्धा ठेवतो आणि अमुक ताऱ्यामुळे पाऊस पडला असे मानणारा ताऱ्यावर श्रद्धा ठेवतो (बुखारी, मुस्लिम). याचा अर्थ ऋतूंची गणना करू नये असा नाही. मृग हे पेरणीच्या वेळेचे नाव असेल तर ते दिनदर्शिकेसारखे आहे, त्यात दोष नाही. मृगच पाऊस देतो असे मन मानू लागले तर मात्र दात्याचा हक्क हिरावला गेला. एल निनोचेही तेच. तो एक कारण आहे, कर्ता नाही. वारे, समुद्र आणि ढग यांना नियम घालून देणारा कुरआनच्या शब्दयोजनेत एक ठरावीक प्रमाण राखतो आणि त्याच प्रमाणात पाणी उतरवतो. सूरह मोमिनूनमध्ये (२३:१८) हेही सांगितले आहे की ते पाणी जमिनीत साठवणारा तोच आहे आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. लातूरच्या कोरड्या विंधन विहिरीच्या तोंडाशी उभे राहून ही आयत वाचली तर अंगावर काटा येतो.

कारणे जाणणे हे ईमानाच्या विरोधात नाही. कारणे जाणून घेतली की आपली जबाबदारी कळते. सूरह रूममध्ये (३०:४१) जमिनीवर व समुद्रात जो बिघाड माजला त्याचा संबंध माणसांच्या हातांच्या कमाईशी जोडलेला आहे. कमी पावसाच्या प्रदेशात थोड्या जमिनीवरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पिऊन टाकतो, ओढे-नाले बुजवले जातात, जमिनीतील पाणी मुरण्यापेक्षा वेगाने उपसले जाते. पाऊस कमी पडणे माणसाच्या हाती नाही, परंतु पडलेला पाऊस कोणाच्या वाट्याला जावा हे बरेचसे माणसेच ठरवतात. त्याच मराठवाड्यात सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद म्हणून ओळखली गेली, आणि डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी शहरात खेळवले. नहर-ए-अंबरी म्हणून ती व्यवस्था ओळखली जाते. पाणी कमी असलेल्या प्रदेशातसुद्धा आखणी आणि प्रामाणिकपणा असेल तर वस्ती नांदू शकते, याचा हा पुरावा.

शिक्षा की परीक्षा?

येथे एका धोक्यापासून सावध राहिले पाहिजे. दुष्काळ पडला की काही जण लगेच निकाल देतात : त्या लोकांनी पाप केले असेल म्हणून त्यांच्यावर हा कोप झाला. हा निकाल देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? कोकणात अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो काय आपल्या पुण्याईचा मोबदला आहे? तसे असेल तर २६ जुलै २००५ रोजी आपल्या वस्त्यांमध्ये घुसलेल्या पाण्याला आपण काय म्हणणार?

सूरह फज्रमध्ये (८९:१५-१८) माणसाच्या या चुकीच्या तर्काला थेट उत्तर दिलेले आहे. पालनकर्ता परीक्षेसाठी समृद्धी देतो तेव्हा माणूस समजतो की माझा सन्मान झाला. परीक्षेसाठीच तो उपजीविका आखडती करतो तेव्हा माणूस समजतो की माझा अपमान झाला. दोन्ही समजुती नाकारून कुरआन पुढच्याच वाक्यात आपल्याला जाब विचारतो की तुम्ही अनाथाचा मान राखत नाही आणि गरिबाला जेवू घालण्यास एकमेकांना प्रवृत्त करत नाही. म्हणजे समृद्धी हीदेखील परीक्षा आहे, आणि तिचा प्रश्न आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या रूपाने येतो.

तहानलेल्याला आपली परीक्षा चालू आहे हे ठाऊक असते. ज्याची टाकी भरलेली आहे त्याला ते ठाऊक नसते, आणि म्हणून त्याची परीक्षा अधिक कठीण आहे.

त्या २०१५ सालात मराठवाड्यातील एक हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपवले. प्राण ही अल्लाहची ठेव आहे आणि ती स्वतः मोडण्यास इस्लाममध्ये कठोर मनाई आहे, ही शिकवण जिवंत माणसाला आधार म्हणून सांगायची असते. मृताच्या विधवेला टोमणा म्हणून ती सांगायची नसते. मृतांचा निवाडा अल्लाहवर सोडावा. आपण स्वतःला विचारावे की त्याच्या दारात व्याजाच्या वसुलीला माणूस पोहोचला, मग धीर द्यायला आपल्यापैकी कोणी का पोहोचले नाही? कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि माफ केले तर ते अधिक चांगले, हा कुरआनचा स्पष्ट आदेश आहे (२:२८०).

राखेचे वर्ष

इस्लामच्या इतिहासातही एक भीषण कोरडे वर्ष आहे. हिजरी १८ मध्ये हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत हिजाजमध्ये पाऊस पडला नाही. वारा राखेसारखी माती उडवू लागला, म्हणून ते वर्ष आमुर्रमादा, म्हणजे राखेचे वर्ष, या नावाने ओळखले जाते. वाळवंटातील कबिले अन्नपाण्याच्या शोधात मदीनेकडे आले आणि शहराबाहेर तळ ठोकून राहिले. मुखेडची माणसे आपल्या फाटकाबाहेर आली तशीच.

हजरत उमर (र.) यांनी काय केले ते क्रमाने पाहा. त्यांनी आलेल्यांना हाकलले नाही, त्यांच्या जेवणाची व्यवस्था लावली. शाम येथील अधिकाऱ्यांना पत्रे लिहून धान्याचे तांडे मागवले. त्या वर्षी जकातीची वसुली पुढे ढकलली. भुकेने हतबल झालेल्याला चोरीची ठरलेली शिक्षा लागू केली नाही. आणि स्वतः तूप व मांस सोडले. सामान्य लोकांना तूप मिळेपर्यंत आपणही खाणार नाही, असा निर्धार त्यांनी पाळला, इतका की तेल खाऊन त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला. मग ते लोकांना घेऊन मोकळ्या जागी गेले आणि प्रेषितांचे (स.) चुलते हजरत अब्बास (र.) यांना पुढे करून पावसासाठी प्रार्थना केली. पाऊस आला.

आपण बहुधा या घटनेचा शेवट तेवढा लक्षात ठेवतो. पाऊस लांबला की इस्तिस्काच्या नमाजसाठी मैदानात जमतो, हात उलटे करून दुआ मागतो, आणि ते योग्यच आहे, ती सुन्नत आहे. परंतु हजरत उमर (र.) यांचे हात आभाळाकडे उठण्यापूर्वी स्वयंपाकघरात, तिजोरीत आणि भुकेल्यांच्या तळावर काम करून आले होते. सूरह नूहमध्ये (७१:१०-१२) क्षमायाचनेशी पावसाचे वचन जोडले आहे. ज्याचा हक्क आपण दाबून ठेवला आहे त्याला तो परत केल्याशिवाय ती क्षमायाचना पुरी होत नाही.

आपल्या दारातील हिशेब

तेव्हा आपल्या घराकडे वळू या. आपल्या नळाचे पाणी कोठून येते? उल्हास नदीतून, बदलापूरजवळच्या बारवी धरणातून, शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून. ज्या शहापूरच्या डोंगरांत भातसा, तानसा आणि मोडकसागरचे पाणी अडते, त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण तेथे रोज जगली जाते. म्हणजे कोरड्या प्रदेशासाठी लातूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपला नळ ज्यांच्या अंगणातून येतो त्यांच्याच घागरी रित्या आहेत.

२०१६ च्या त्याच उन्हाळ्यात ठाणे व कल्याण-डोंबिवलीतही आठवड्यातून काही दिवस पाणी बंद ठेवावे लागले होते. तेव्हा आपण कसे वागलो? एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या कित्येक इमारतींत आणि चाळींत मुख्य जलवाहिनीला थेट मोटार जोडून पाणी खेचले जाते. ज्याची मोटार मोठी त्याची टाकी भरते आणि पुढच्या घरातील विधवेच्या नळाला नुसती हवा येते. मग त्याच पाण्याने आपण वुजू करून नमाजला उभे राहतो. हडपलेल्या पाण्याने वुजू होतो की नाही यावर फिकहच्या जाणकारांत मतभेद आहेत, परंतु हडपणे हा गुन्हा आहे यावर कोणाचाही मतभेद नाही. पाणी, कुरण आणि अग्नी यांत लोक भागीदार आहेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे (अबू दाऊद). आणि गरजेपेक्षा अधिक असलेले पाणी वाटसरूपासून रोखून धरणारा हा त्या लोकांपैकी आहे ज्यांच्याकडे अल्लाह कयामतच्या दिवशी पाहणारही नाही (बुखारी).

आता वुजूचाच हिशेब करू. प्रेषित (स.) एका मुद्दने वुजू करत आणि एका साअपासून पाच मुद्दपर्यंतच्या पाण्यात स्नान करत (बुखारी, मुस्लिम). एक मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढे, साधारण पाऊण लिटरच्या आत-बाहेर. चार मुद्द म्हणजे एक साअ. आपण नळ पूर्ण उघडा ठेवून वुजू केला तर सहा-सात लिटर पाणी सहज वाहून जाते. लातूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ८३ हजार होती. पंचवीस लाख लिटरची ती पूर्ण रेल्वेगाडी माणशी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा लिटर येतात. म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटर धावून त्या गाडीने एका माणसासाठी जेवढे पाणी आणले, तेवढे आपण एका वुजूत गटारात सोडतो, आणि तेही इबादतच्या नावाने!

काय करता येईल

पहिले, प्रत्येक मशिदीच्या व्यवस्थापनाने वुजूच्या नळांना कमी धार सोडणाऱ्या तोट्या बसवाव्यात आणि शक्य तेथे वुजूचे पाणी झाडांकडे वळवावे. जुम्याच्या पाचशे नमाजींनी प्रत्येकी चार लिटर वाचवले तर एका दुपारी दोन हजार लिटर वाचतात.

दुसरे, जलवाहिनीला थेट लावलेली मोटार आजच काढावी. शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागावी. हे लाजिरवाणे वाटेल, पण कयामतच्या दिवशी मागण्यापेक्षा येथे मागणे सोपे आहे.

तिसरे, मशिदीची किंवा इमारतीची कूपनलिका असेल तर उन्हाळ्यात तिचा एक नळ रस्त्याच्या बाजूला ठेवावा आणि पाणी घेणाऱ्याचा धर्म विचारू नये. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे पाप माफ झाले, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. मग माणसाबद्दल काय बोलावे!

चौथे, ज्यांचे गाव घाटापलीकडे आहे त्यांनी आपल्या मृत आई-वडिलांच्या नावाने तेथे पाण्याचे एक काम करावे. विहिरीचा गाळ काढावा, बंधारा दुरुस्त करावा, छताचे पाणी जमिनीत मुरवावे. हजरत साद बिन उबादा (र.) यांनी आईसाठी कोणते दान उत्तम असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) पाणी असे उत्तर दिले आणि त्यांनी विहीर खोदून दिली (अबू दाऊद). हजरत उस्मान (र.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. फरश्या आणि मिनारांसाठी आपण हात सढळ ठेवतो, विहिरीसाठीही ठेवावा.

पाचवे, इमारतीचा रखवालदार, गाड्या धुणारा, विटा वाहणारी बाई यांना एकदा विचारा की तुमचे गाव कोणते आणि तेथे यंदा पाऊस कसा आहे. उत्तर ऐकून काय करायचे ते तुमचे मन तुम्हाला सांगेल.

एका जुम्याला प्रेषित (स.) प्रवचन देत असताना एक माणूस आला आणि म्हणाला की जनावरे मेली, वाटा बंद झाल्या, अल्लाहकडे प्रार्थना करा. प्रेषितांनी (स.) हात उचलले. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता, तरी पाऊस सुरू झाला आणि पुढच्या जुम्यापर्यंत थांबला नाही. तेव्हा पुन्हा एकाने येऊन घरे पडू लागल्याची तक्रार केली. प्रेषितांनी (स.) पाऊस थांबावा असे मागितले नाही. तो आपल्यावर न पडता सभोवतालच्या टेकड्यांवर, ओढ्यांच्या पात्रांत आणि झाडे उगवतात तेथे पडावा, असे मागितले (बुखारी, मुस्लिम). आपल्याला जो नको झाला तो पाऊस जेथे हवा आहे तेथे जावो, एवढी व्यापक ती दुआ होती. यंदा रुळांवर पाणी साचेल आणि तोंडून त्रागा निघेल, तेव्हा ही दुआ आठवावी.

हे अल्लाह, आमच्या घाटापलीकडच्या भावंडांवर लाभदायक पाऊस पाठव, विलंब न करणारा आणि विध्वंस न करणारा. त्यांच्या विहिरी भर, त्यांची जनावरे वाचव, त्यांच्या घरातील कर्त्या माणसांना निराशेपासून सांभाळ. आम्हाला दिलेल्या पाण्याचा हिशेब देण्याचे भान आम्हाला दे, आणि आमच्या नळातून दुसऱ्याचा हक्क वाहत असेल तर तो परत करण्याचे धैर्य दे. आमीन.